सासऱ्यांची श्रीमंती स्वतःच्या हिशेबात धरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 29, पुण्यात नोकरी, हातात 62,000 रुपये येतात. ज्याच्याशी लग्न करायचं मनात आहे तो खासगी महाविद्यालयात शिकवतो, पगार 48,000. डोक्यावर पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज, 13,000 चा हप्ता अजून चार वर्षं. लातूरला आईवडिलांना तो महिन्याला 10,000 पाठवतो. घरच्यांनी आणलेलं स्थळ कोल्हापूरचं : शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), बंगला, शेती. अट एकच, नोकरी सोडायची. ‘प्रेमापायी जन्मभर ओढाताण होईल का?’ असं तुम्ही विचारलंय.

आधी कोल्हापूरचं पाहू. तुम्हीच लिहिलंय की सगळं सासऱ्यांनी कमावलेलं आणि त्यांच्याच नावावर आहे. स्वकष्टार्जित मालमत्तेवर त्यांच्या हयातीत मुलाचाही हक्क नसतो, मग सुनेचा कुठून असणार? सासरच्या घरात राहण्याचं संरक्षण कायदा देतो, मालकी देत नाही. तुमचं म्हणून जे आहे ते स्त्रीधन. मुलाच्या स्वतःच्या नावावर काय आहे, हे कोणी विचारलंय का?

शिवाय कारखाना म्हटला की बँकेचं कर्ज आलं. अशा घरांत सुनेला फर्ममध्ये भागीदार करतात किंवा कर्जाला जामीनदार म्हणून तिची सही घेतात. जेवताना कागद पुढे येतो, ‘नुसती सही आहे गं’ म्हणतात. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. धंदा बसला तर बँक तुमच्याही दारात येईल, आणि तेव्हा तुमच्याकडे पगार नसेल.

त्या पगाराचा हिशेब तुमच्या पत्रात कुठेच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. 62,000 म्हणजे वर्षाला 7,44,000. एक रुपयाही वाढ धरली नाही तरी दहा वर्षांत 74 लाखांवर जातात, पीएफ वेगळा. ही किंमत तुम्ही एकट्या मोजणार आहात.

आता दुसरी बाजू. दोघांचे मिळून 1,10,000. भाडं 20,000, हप्ता 13,000, लातूरला 10,000, घरखर्च 30,000 धरला, तरी 37,000 उरतात. चार वर्षांनी हप्ताही सुटतो. याला मी ओढाताण म्हणणार नाही. पैशाच्या बाजूने माझा कौल तुमच्या मनातल्या मुलालाच आहे.

मला खुपतो तो लातूरच्या आईवडिलांचा आरोग्य विमा, जो काढलेलाच नाही. वय वाढलं की हप्ता वाढतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी विम्याचे पैसे मिळायला काही काळ थांबावं लागतं. तो आजच काढा. लग्न नोंदणी पद्धतीनं करा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लागते. वाचलेल्या पैशांतून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. नवऱ्याचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा आयुर्विमा) 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे ती रक्कम त्याला कर्ज देणाऱ्यांच्या हाती लागत नाही. लग्नाआधीचं पीएफचं नामांकन लग्नानंतर रद्द होतं, ते दोघांनीही नव्यानं भरा.

आणि तारीख काढण्याआधी दोघांनी आपापला सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, एकमेकांसमोर ठेवा. न सांगितलेलं क्रेडिट कार्ड किंवा अ‍ॅपवरचं कर्ज निघालं, तर वरचा हिशेब कोलमडेल. तसं झालं तर आकड्यांसह मला पुन्हा लिहा.