शेतीच्या नादाला लागलोच कशाला?

प्रश्न: शिकार करायची, कंदमुळं गोळा करायची, असा माणूस मजेत होता म्हणे. मग हा शेतीचा उद्योग कुणी सुरू केला? घरची तीन पिढ्यांची कोरडवाहू आहे, म्हणून जरा चिडूनच विचारतोय.
- एक वाचक, जालना

उत्तर: चिडा हो, हक्क आहे तुमचा! पण शिव्या घालायला कुणी एक माणूस सापडणार नाही, कारण "उद्यापासून शेती" असं कुणी ठरवलंच नव्हतं. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं, धरणाखाली जाणार म्हणून १९७२-७३ मध्ये घाईघाईत खोदलं. तिथले लोक साधारण १३ हजार वर्षांपूर्वी शेती न करताच एका जागी राहत होते, चिंकाऱ्याच्या जातीतली हरणं मारायचे आणि रानातलं धान्य गोळा करून आणायचे. पुढे शेती आली तरी हरणं मारणं शेकडो वर्षं चालूच, म्हणजे दोन्ही डगरींवर पाय.

आता रानगव्हाची गंमत बघा. त्याची ओंबी पिकली की आपोआप तुटून दाणे मातीत सांडतात, झाडाच्या सोयीचं तेच. पण एखाद्या झाडात जन्मजात खोट असते, ओंबी तुटतच नाही, आणि कापणाऱ्याच्या हातात नेमकी तीच जास्त येते, मग पेरायला पण तीच. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं आणि गहू असा झाला की माणसाने मळल्या-पेरल्याशिवाय त्याचं चालेना, आणि तोवर खाणारी तोंडं वाढल्यामुळे माणसाचंही गव्हाशिवाय चालेना!

शेती आल्यावर मजा किती उरली ते त्याच अबू हुरेरातल्या हाडांवरून कळतं. बऱ्याच सांगाड्यांचे, विशेषतः बायकांचे, पायाचे अंगठे वाकून झिजलेले, गुडघे आणि कंबर पण कामातून गेलेली. का? तर गुडघ्यावर बसून, पायाची बोटं मागे दुमडून, दगडी पाट्यावर रोज तासन्‌तास धान्य रगडायचं. (आपल्याकडे पाटा-वरवंट्यावर नुसतं वाटण वाटलं तरी कंबर धरते, इथे तर अख्ख्या घराचं पीठ!)

आणि परतीची वाट अगदीच बंद होती असं नाही हं. आपल्या पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव घ्या, डेक्कन कॉलेजवाल्यांनी खोदलेलं. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी तिथे मोठी चौकोनी घरं, बार्लीची शेती, पाण्यासाठी पाट, सगळं व्यवस्थित. पण इसवी सन पूर्व १००० नंतर घरं छोटी, गोल झोपड्यांची होत गेली, शेती घटली आणि शिकार पुन्हा वाढली. तिथे खोदकाम करणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांच्या मते पाऊसपाणी कमी झाल्याने हे झालं. म्हणजे तुमच्यासारखेच कोरड्याला वैतागलेले लोक, फक्त त्यांच्या आसपास अजून रान शिल्लक होतं.