लातूर जिल्ह्यात औशाजवळ माझं २५ वर्षं जुनं घर आहे आणि भिंतींना तडे आहेत. त्यावर गृहकर्ज आणि विमा मिळतो का?

मिळू शकतो, पण औशाजवळच्या तुमच्या २५ वर्षं जुन्या घराचे तडे आता वाढत नाहीत, हे आधी दाखवावं लागेल. कर्ज व्हॅल्युअरच्या, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालावर ठरतं, आणि बांधकामाचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी दिसलं की बँक रक्कम किंवा मुदत कापते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारा तिरका तडा बहुधा पायाखालच्या काळ्या मातीमुळे पडलेला असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. तडा आतबाहेर एकाच जागी दिसला तर तो नुसता गिलाव्याचा नाही. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी एक पावसाळा आणि एक उन्हाळा न तडकता टिकली तरच तडा भरून घ्या. त्याआधी रंग मारून झाकू नका, ताजा रंग पाहून व्हॅल्युअर उलट जास्त खोदून विचारतो. दरम्यान घराभोवती बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा घाला, मोरीचं आणि पन्हाळीचं पाणी पायापासून दूर काढा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घ्या.

विम्याचं वेगळं आहे. ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या विमा पॉलिसीत भूकंप धरलेला असतो, आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या या भागात तो हवाच. मात्र जुने तडे, झीज आणि सदोष बांधकाम यांची भरपाई मिळत नाही. म्हणून पॉलिसी घेतानाच तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

घर दगड-मातीच्या भिंतींचं, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) असेल तर मात्र बहुतेक बँका सुरुवातीलाच नाही म्हणतात.