फाइल पुढे सरकते, मी नाही

प्रश्न : ताई, मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात आहे. वय ३८. दिवसभर कागद तपासायचे, कमी काय ते शोधायचं, शेरा मारायचा, फाइल पुढे ढकलायची. नंतर तिचं काय होतं ते कळत नाही. पगार वेळेवर होतो, साहेबही बरे आहेत, म्हणजे तक्रारीला जागा नाही. तरी संध्याकाळी वाटतं, आज आपण नेमकं केलं काय? सहकारी म्हणतो, आवड नसेल तर सोड. माझी आवड काय, हेच मला ठाऊक नाही. डिप्लोमा करून क्षेत्र बदलू का?

उत्तर : पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : ‘नंतर तिचं काय होतं ते कळत नाही.’ माझ्या मते दुखणं तिथे आहे. आवडीचं तूर्त बाजूला ठेवा.

हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७६ साली काम अर्थपूर्ण कशामुळे वाटतं याची मांडणी केली. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या : काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून जाणं आणि त्याचा दुसऱ्याच्या आयुष्यावर परिणाम होणं. तुमच्या टेबलावर तुकडा येतो आणि तुकडाच जातो. ॲडम ग्रँट यांचा २००७ मधला प्रयोग तर फार बोलका आहे. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटं भेट घालून दिली. महिन्याभरानं त्यांचा फोनवरचा वेळ आणि मिळवलेली रक्कम, दोन्ही दुपटीहून जास्त झालं होतं. काम होतं तेच राहिलं, फक्त ते कुणासाठी चाललंय हे डोळ्यांना दिसलं.

तेव्हा साहेब बरे आहेत त्याचा फायदा घ्या. तुम्ही तपासलेल्या काही फाइलींचा शेवटचा निकाल कळवा, एवढंच मागा.

दुसरं म्हणजे तो शेरा. मी नोकरीत पत्रव्यवहार बघायचे, म्हणून ‘आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करावी’ या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. घरातलं माणूस गेलेल्या बाईनं त्यातून काय समजायचं? त्याऐवजी लिहा : ‘मृत्यूच्या दाखल्यावर मधलं नाव नाही, पॉलिसीवर आहे. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.’ एवढं लिहिलं की त्या बाईची एक खेप वाचते. असे शेरे लिहिताना कुठली त्रुटी पुन्हा पुन्हा येते तेही टिपून ठेवा. एकच चूक सगळेच करत असतील तर दोष बहुधा फॉर्मचा असतो, आणि हे पुराव्यानिशी सांगू शकणारा माणूस विभागात फक्त तुम्ही असाल. इथे शिकायला काही उरलं नाही असंही वाटत असेल कदाचित. साध्या भाषेत लिहिणं, चुकांमधला क्रम ओळखणं, फॉर्म सुधारणं, ही तीन कामं तर इथेच पडून आहेत.

मात्र हे सगळं कामाच्या तासांत. ‘अर्थपूर्ण काम’ म्हणत फुकटात जादा राबवून घेणारे कमी नाहीत. साहेब बदलले आणि शेरा बदलायचीही मुभा उरली नाही, तर जागा बदलण्याचा विचार जरूर करा.

डिप्लोम्याचं म्हणाल, तर फी आत्ताच भरू नका. आधी त्या क्षेत्रातल्या कुणाला तरी गाठून विचारा, की दिवसाचे आठ तास नक्की कशात जातात. तिथेही तुकडेच तपासायचे असतील, तर निदान फी वाचेल.