"कळवतो म्हणाले, मग फोनच नाही"

बेळगावात समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पोरगं खुर्चीत बसायच्या आधीच मला कळतं आता काय येणार ते. इंटरव्ह्यू चांगला झाला, कळवतो म्हणाले, मग फोनच नाही. आईवडील येतात ते वेगळं विचारतात, दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असतो, काय करायचं मॅडम? प्रश्न एकच आहे दोघांचा.

त्यातलाच एक. नाव नको. खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेतला, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. इथल्या उद्यमबागेतली वर्कशॉपं, मच्छेची औद्योगिक वसाहत, पार पुण्यापर्यंत धरून अकरा इंटरव्ह्यू. एका ठिकाणी पहिलाच प्रश्न "कन्नड बरतैतेनु?" म्हणजे कन्नड येतं काय, हा "स्वल्प", थोडं, म्हणाला आणि विषय तिथंच संपला. एका एजंटनं नोकरी पक्की म्हणून साडेतीन हजार रजिस्ट्रेशन घेतलं, नंतर नंबर बंद. (काम देणारा आपल्याकडून पैसे घेत नसतो, मागितले की सरळ उठून यायचं, हे मी सगळ्यांनाच सांगते.)

"वाट बघूलोय मॅडम. आंघोळीला गेलो तरी फोन आत नेतो."

"आणि नाही आला की?"

"मग काय, आपण बिनकामाचे."

मी त्याला म्हटलं, अकरा ठिकाणी तुला नेमकं काय बोलले ते शब्दाला शब्द लिही. लिहिलं. "बिनकामाचा" कुणीच म्हणालं नव्हतं. पण कागदावर पटलं म्हणून पोटात उतरतंच असं नाही, दोन-तीन वेळा आम्ही तिथंच घुटमळलो.

मग एकदा सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असं "कळवतो" म्हणून जातात काय रे? तो गप्प. बराच वेळ गप्प. मी पण बोलले नाही, अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला बरीच वर्षं लागलीत शिकायला. शेवटी म्हणाला, "ताईला." ताईला बघायला गडहिंग्लज, चंदगडकडनं चार स्थळं येऊन गेलेली, पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेलेली.

"मग तू तिला काय म्हणालास?"

"त्यांचं त्यांना काय पाहिजे तेच ठाऊक नाही, तुझ्यात काय कमी आहे गं, म्हटलं."

आणि एकदम हसला, डोळ्यात पाणी. मला काही समजवायची गरजच उरली नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आयुष्यभर हेच सांगत आले, त्रास घटनेपेक्षा आपण तिला लावलेल्या अर्थाचा जास्त होतो, आणि माझं सगळं काम त्यावरच चालतं, पण ताईच्या पोह्यांनी जे केलं ते माझ्या चार सेशननं झालं नव्हतं. प्रश्न मात्र मी विचारला होता, तेवढं श्रेय घेते.

पण नुसतं धीर देऊन सोडणं मला पटत नाही. काही नकारांना कारण असतं. वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, हेल्पर कन्नडमध्ये बोलत असतील तर ते यायलाच पाहिजे. घरी सीमाप्रश्नाचं वातावरण, आजोबा मोर्चाला जाऊन आलेले, त्याला वाटायचं कन्नड शिकलो म्हणजे हरलो. मी म्हटलं आजोबा बाजारात भाजी कुठल्या भाषेत घेतात ते बघून ये. शिवाय हे शहर व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, इंजिनिअरपण त्याच रांगेत असतात, तेव्हा नुसत्या डिप्लोमावर अडून न बसता अप्रेंटिसशिपला अर्ज कर. आणि इंटरव्ह्यूतनं उठताना विचारायचं, कधीपर्यंत कळेल, नाही कळलं तर कुणाला फोन करू. इतकंच. विचारायला लाजतात पोरं, आणि मग महिना महिना झुरत बसतात.

पुढच्या वेळी आला तो सांगतच आला. जिथनं दीड महिना फोन नव्हता तिथं स्वतः लावला, जागा कधीच भरलेली.

"मग?"

"मग काय की मॅडम, फोन चार्जिंगला लावला आन् जेवलो पोटभर."