किडन्या निकामी झालेले बाबा आधी ‘डायलिसिस नको’ म्हणायचे, आता ‘करू या’ म्हणतात. कोणतं खरं धरायचं?

आताचं. दादा म्हणतो ‘शब्द पाळायचा’, तर पाळायचा तो आजच्या बाबांचा.

‘कुणावर भार होऊन जगायचं नाही’ हे त्यांचं जुनं वाक्य धडधाकट माणसाचं. तुम्हीच लिहिलंय की शेतावर फेरी झाली नाही तर त्यांना दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा आणि आता दुपारी नातीचा अभ्यास घेतला, संध्याकाळी ओट्यावर बसले की पुरतं. या बदलाला ‘घाबरले’ म्हणणं हा नातेवाइकांचा आळस आहे, आणि डॉक्टरांचाही. दीर्घ आजारात जगणं मोजायची पट्टीच बदलते. बाहेरून बघणाऱ्याला जे असह्य वाटतं, त्यालाच तो जगणारा बऱ्यापैकी गुण देतो.

लिव्हिंग विलचं (पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाचं) म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली आणि २०२३ साली पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पण तो कागद कामाला येतो माणसाला स्वतः ठरवता येत नसेल तेव्हा. बाबा बोलताहेत ना? मग कागद कपाटात. मत बदललंय, तर नवा करून घ्या.

डायलिसिस ‘हवं की नको’ असं विचारूच नका. ‘सहा आठवडे करून बघू’ म्हणा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर, शिवाय येणं-जाणं. घरी आल्यावर उरलेला दिवस बहुधा झोपेत. म्हणजे नातीचा अभ्यास तीन दिवस बुडणार, हे त्यांना आधी कळू दे. सकाळची पाळी मागा, निदान संध्याकाळ हाती लागते. सुरुवात मानेतल्या नळीवर होईल. हातातला फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली सुया टोचायची जागा) वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. नळीला पाणी लागू द्यायचं नाही, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. पाणी किती? दिवसभराची लघवी अधिक अर्धा लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. यापेक्षा जास्त झालं की मशीनला एका बैठकीत जास्त पाणी ओढावं लागतं, मग बीपी पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरचे म्हणतात ‘डायलिसिस सोसत नाही’.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे : थांबायचं कधी, हे सुरू करताना कुणी विचारत नाही. बाबांना विचारा, काय जमेनासं झालं तर पुरे म्हणाल? ‘ओट्यापर्यंत जाता आलं नाही तर’ असं उत्तर आलं तर त्याच शब्दांत फाइलमध्ये लिहून घ्या. ‘रुग्णाची इच्छा : सर्व उपचार’ असले शिक्के कुणाच्याच उपयोगाचे नसतात. थांबवलं आणि लघवी जवळपास बंद असेल, तर साधारण आठवडा-दहा दिवस मिळतात. धाप, खाज, मळमळ घरी आवरता येते. वेदनेला मॉर्फिन मात्र जपून. किडनी बंद असली की ते अंगात साठतं, गुंगी येते, हातपाय झटके देतात. फेंटानिल या वेदनाशामकाच्या, कातडीवर चिकटवायच्या पट्टीबद्दल विचारा.

एक राहिलंच. रक्तात युरिया (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढला की माणूस गोंधळतो, आणि नैराश्यातही ‘हो’ किंवा ‘नको’ येतं. तेव्हा एकदाच विचारून मोकळं होऊ नका. डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळी, दोन-तीनदा विचारा. दादाला तेवढा वेळ दूध आणायला पाठवा.