टीव्ही कोणत्या भिंतीवर? आधी बसायच्या जागा ठरवा

‘टीव्हीवरून रोज वाजतं. तो हॉलमधून काढून बेडरूममध्येच नेला तर?’ कुटुंब-समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. ज्या घराची ही हकिकत आहे तिथे पाच माणसं: नवरा-बायको, त्याची आई, बारा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. बायकोला टीव्ही हॉलमध्ये नकोच होता. नवऱ्याला तिथेच आणखी मोठा हवा होता.

बेडरूमचा पर्याय लगेच बाजूला ठेवला. तिथे गेलेला टीव्ही बंद होत नाही, फक्त नजरेआड चालू राहतो आणि झोप खातो. मग दोन कामं सांगितली. हॉलचा नकाशा मोजून काढायचा, आणि आठवडाभर कोण, कुठे बसून, किती वाजता टीव्ही बघतं ते लिहायचं. नोंद सगळ्यांनी करायची, एकट्या तक्रारदाराने नाही. नाहीतर ते आरोपपत्र होतं.

हॉल १४ बाय ११ फूट. टीव्ही आखूड भिंतीवर, समोरच्या आखूड भिंतीला खिडकी आणि तिच्याखाली सोफा. सगळी गोम इथेच होती. खिडकीचा उजेड टीव्हीच्या पडद्यावर चमकायचा, म्हणून खिडकीचे पडदे दिवसभर ओढलेले. सोफा ते टीव्ही अंतर सुमारे ११ फूट. आजींना दिसायचंही नाही आणि ऐकूही यायचं नाही. त्या खुर्ची मधोमध ओढायच्या, मागच्यांचं दिसणं बंद व्हायचं, आवाज वाढायचा. जेवणाच्या टेबलावरून पडदा थेट समोर, म्हणजे जेवताना सगळ्यांची मान तिकडेच. नवऱ्याला पडदा लहान वाटत होता, पण खरं तर अंतर जास्त होतं.

त्यांच्यासारख्या ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. तो सात ते नऊ फुटांवरून आरामात दिसतो. म्हणून तो लांब भिंतीवर घ्यायचं ठरलं. समोरच्या सोफ्यावरून अंतर साडेआठ फुटांच्या आसपास आलं, आजींची खुर्ची बाजूने साडेसहा फुटांवर बसली आणि खिडकी पडद्याच्या समोर न राहता बगलेला गेली. जेवणाचं टेबल त्याच भिंतीला दुसऱ्या टोकाशी असल्यामुळे तिथून चित्र जवळजवळ दिसेनासंच झालं. बायकोला एवढंच हवं होतं. तिचा राग टीव्हीवर नव्हता, जेवताना कुणी कुणाकडे बघत नाही यावर होता.

भिंतीला लगेच भोक पाडू नका, हे मात्र बजावून सांगावं लागतं. आधी ४८ बाय २७ इंचांचा पुठ्ठा कापून भिंतीवर चिकटवायचा. त्याचा मध्य जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर, म्हणजे बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत. हौशीने टीव्ही कपाटाच्या वर, पाच फुटांवर लावला की तासाभरात मान अवघडते. पुठ्ठा पटला की दोन आठवडे टीव्ही टेबलावर ठेवून बघायचं. घरात लहान मूल आहे, त्यामुळे या काळातही टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधायचा आणि त्याच्यावर खेळणं, रिमोट काहीही ठेवायचं नाही. ते घ्यायला मूल वर चढतं आणि टीव्ही अंगावर येतो. वायर चालण्याच्या वाटेवरून नको. प्लग लांब असेल तर जागा बदला किंवा इलेक्ट्रिशियनकडून नवा पॉइंट काढून घ्या.

आजींच्या खुर्चीजवळ छोटा स्पीकर ठेवला, तेव्हा टीव्हीचा आवाज बराच खाली आणता आला. सबटायटल्स लावली. कान तपासायलाही सुचवलं. आवाजाचं भांडण पुष्कळदा ऐकू कमी येण्याचंच असतं, आणि ते कबूल करायला कुणाला आवडत नाही.

चाचणीत एक गोष्ट फसली. नव्या भिंतीच्या पलीकडे मुलाच्या अभ्यासाची खोली, आवाज थेट तिकडे. दुसऱ्या लांब भिंतीला दार असल्याने तिथे टीव्ही नेता येत नव्हता. आठवड्याची नोंद पुन्हा काढली: सात ते साडेआठ हाच अभ्यासाचा वेळ आणि हाच आजींच्या मालिकेचा. जागेने हे सुटणार नव्हतं. आजींनी त्या वेळेपुरते हेडफोन स्वीकारले, नवऱ्याने सामना नऊनंतर किंवा आवाज बंद करून बघायचं मान्य केलं. पहिल्या आठवड्यात तो दोनदा विसरला. भिंतीत स्क्रू त्यानंतरच बसले.