स्वाइन फ्लूच्या साथीत डॉक्टर-नर्स लोकांनीच लस घ्यायला टाळाटाळ केली, हे खरंय का?

खरंय, आणि फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत जानेवारी २०१० च्या मध्यापर्यंत जेमतेम ३७ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्वाइन फ्लूची लस घेतली होती, आणि गंमत म्हणजे नेहमीच्या सीझनल फ्लूची जवळपास ६२ टक्क्यांनी. म्हणजे सुईची भीती वगैरे नाही हो, नव्या लसीवरच भरवसा नव्हता, घाईत बनवलीये, साइड इफेक्ट झाले तर काय, त्यात अमेरिकेत १९७६ च्या स्वाइन फ्लू लसीनंतर गियाँ-बारेच्या (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) केसेस झालेल्या हे डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. सुरुवातीला डोसही कमी होते, तेही धरा.

आपल्याकडे तर टायमिंगच गंडलं. देशातला पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्ट २००९ ला, आणि सीरमची नाकात मारायची लस आली जुलै २०१० ला, पुढच्याच महिन्यात डब्ल्यूएचओनं साथ संपल्याचं जाहीर करून टाकलं, मग कोण घेतंय!

सक्तीनं फरक पडतो मात्र. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलनं २००५ ला फ्लूची लस नोकरीची अटच केली तर प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर गेलं. मला विचाराल तर आधी ड्यूटीवर, वॉर्डातच येऊन फुकट टोचा, सक्तीचं नंतर बघू.